परके जलजीव आणि घरपोच बाजार

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. होसूर व सर्जापूर ह्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. सेक्टरांत विभागलेली घरे, सरळ आखलेले रस्ते आणि संगणकाच्या साह्याने चालणाऱ्या नव्या उद्योगांच्या कचेऱ्या ही तिची आजची ओळख होय. परंतु वसाहतीच्या कडेला अगर नावाचे जुने तळे आहे, लगतच सोमसुंदरपाळ्याचे तळे आहे, आणि थोडे पुढे बेळ्ळंदूरचे मोठे तळे पसरलेले आहे. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. ज्या शहराला मोठी नदी नाही त्या शहराच्या पूर्वजांनी उताराच्या जमिनीवर बांध घालून ती साखळीने निर्माण केली. वरच्या तळ्यातून ओसंडलेले पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जावे, अशी ही योजना आहे. अगर तळ्याचे पाणी बेळ्ळंदूरला, बेळ्ळंदूरचे वर्तूरला, आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. हीच नदी पुढे तामिळनाडूतून वाहत जाऊन कडलूरजवळ बंगालच्या उपसागरास मिळते.

अशा वसाहतीतील एखाद्या घरी काचेची टाकी आणून तीत मासे पाळण्याची हौस निर्माण झाली, तर आज बाजारात जाण्याचे कारण उरलेले नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकविले की दोन-तीन दिवसांत कुरियरचा माणूस दाराशी पुडके आणून देतो. त्यात प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतील मासे असतात, ओल्या कागदात गुंडाळलेल्या पाणवनस्पती असतात, क्वचित रुपयाएवढे हिरवे कासवही असते. काही महिने हौस टिकते. मग मासा टाकीत मावत नाही, वनस्पती काच झाकून टाकते, किंवा घर बदलावे लागते. जिवंत प्राण्याला मारणे मनाला पटत नाही. साहजिकच टाकीतील सारा संसार संध्याकाळी जवळच्या तळ्यात सोडून दिला जातो, आणि आपण एका मुक्या जिवाला मोकळे केले असे समाधानही मिळते.

ह्या समाधानात एक गंभीर चूक दडलेली आहे. ती कोणती, तिला कायद्याने आळा कसा घालता येईल, आणि त्या कामी सामान्य नागरिकाने दिलेली वर्दी किती मोलाची ठरते, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

परका आणि आक्रमक

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशातून आलेली प्रत्येक वस्तू अपायकारक असते असे मुळीच नाही. बटाटा, टोमॅटो, मिरची ही सर्व अमेरिका खंडातून आलेली असून आज आपल्या स्वयंपाकघरात घरच्यासारखी नांदत आहेत. ज्या जीवजातीचे मूळ स्थान अन्यत्र आहे आणि जिला मनुष्याने नव्या प्रदेशात आणून सोडले, ती परकी जात. अशा परक्या जातींपैकी ज्या मनुष्याच्या मदतीशिवाय पसरू लागतात आणि मूळच्या जीवांचे अन्न, जागा किंवा प्राण हिरावून घेतात, त्यांनाच आक्रमक परक्या जाती म्हणतात. बहुसंख्य परके पाहुणे निरुपद्रवीच राहतात. थोडे मात्र घराचे मालक होऊन बसतात.

जलपर्णीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा ह्या नद्यांवर पसरणारा हिरवा गालिचा ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगावयास नको. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील होय. तिची जांभळी फुले मोहक असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेकरिता बंगालमध्ये आणली गेली. काही दशकांतच ती भातशेतीत आणि नौकामार्गांत शिरली, आणि १९३६ साली बंगालच्या विधिमंडळाला केवळ ह्या एका वनस्पतीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

तिच्या वाढीचा वेग ध्यानात घेण्यासाठी थोडे गणित करून पाहावे. अनुकूल परिस्थितीत जलपर्णी सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका रोपापासून आरंभ केला, तर वीस आठवड्यांत दहा वेळा दुप्पट होऊन १,०२४ रोपे होतील. ह्याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. तळे निम्मे झाकलेले दिसते, तेव्हा उरलेले निम्मे झाकण्यास एकच पंधरवडा पुरतो. सर्वांचे लक्ष वेधले जाते ती वेळ बहुधा उपाय हातचा निसटण्याची वेळ असते. शिवाय तिचे बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. म्हणून एकदा काढून टाकलेली जलपर्णी पुन्हा उगवते.

बेळ्ळंदूर तळ्याची दशा ह्या संदर्भात पाहण्यासारखी आहे. शहराचे सांडपाणी तेथे वर्षानुवर्षे साचत गेले. ह्या पाण्यातील नत्र व स्फुरद ह्यांवर जलपर्णी पोसली गेली. २०१५ आणि २०१७ साली ह्या तळ्यावर आग लागल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. ह्या दुर्दशेचे मुख्य कारण सांडपाणी हे होय, हे निःसंशय. परंतु सांडपाण्याने जमीन तयार केली आणि परक्या वनस्पतीने ती व्यापली, असा हा दुहेरी प्रकार आहे.

जगभरच्या हानीचा हिशेब जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली मांडला. मनुष्याच्या हातून नव्या प्रदेशांत पोचलेल्या जातींची संख्या ३७,००० हून अधिक असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती अपायकारक आहेत. २०१९ सालापर्यंत त्यांच्यापासून होणारे नुकसान दरवर्षी ४२३ अब्ज डॉलरांच्या वर गेले होते. ज्ञात असलेल्या जीवनाशांपैकी सुमारे ६० टक्के प्रकरणांत ह्या जातींचा हात होता.

बाजाराची वाट

पूर्वी परके जलजीव जहाजांतून, वनस्पती-उद्यानांतून किंवा सरकारी योजनांतून येत असत. तिलापिया हा मासा १९५२ साली अन्नवाढीच्या हेतूने भारतात आणला गेला. सात वर्षांच्या आतच, म्हणजे १९५९ साली, मत्स्य-संशोधकांच्या समितीने त्याच्या प्रसारास मनाई करण्याची वेळ आली. तरीही आज ‘चिलापी’ हे नाव उजनीच्या काठावरील प्रत्येक कोळ्याला ठाऊक आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे आणि १९२८ साली इटलीतून आणलेले गंबुशिया मासे गावोगावच्या हौदांत सोडले गेले. हेतू चांगला होता. परंतु हे मासे हौदापुरते राहिले नाहीत. ओढ्या-नाल्यांत शिरून त्यांनी देशी माशांची अंडी व पिले खाण्यास आरंभ केला.

आता ह्या जुन्या वाटांना एक नवी वाट येऊन मिळाली आहे, ती म्हणजे शोभेच्या जलजीवांचा ऑनलाइन व्यापार. तिची चार वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले म्हणजे तिला अंतराचे बंधन नाही. एका टोकाच्या राज्यातील मनुष्य दुसऱ्या टोकाच्या राज्यातील वस्तू मागवू शकतो. दुसरे, विक्रेता बहुधा दुकानदार नसतो. घरच्या गच्चीवरील हौदात रोपे वाढवून ती विकणारा हौशी मनुष्यही ह्या बाजारात विक्रेता असतो. तिसरे, पुडक्याची तपासणी होईल असे नाके देशांतर्गत वाटेवर नसते. चौथे, वस्तू शास्त्रीय नावाने न विकता आकर्षक व्यापारी नावाने विकली जाते. ह्यांपैकी अखेरचे वैशिष्ट्य सर्वांत घातक आहे; त्याचा विचार पुढे केला आहे.

ह्या व्यापारातील जीव उघड्या पाण्यात पोचल्याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा सुसरीसारख्या जबड्याचा मांसाहारी मासा लहान असताना टाकीत शोभून दिसतो. २०२३ च्या वसंत ऋतूत तो प्रथम भोपाळच्या मोठ्या तलावात आणि नंतर काश्मीरच्या दल सरोवरात सापडला. त्याच्या जन्मभूमीत तो माणसाहून अधिक लांब वाढतो. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर ह्याच माशाबरोबर दक्षिण अमेरिकेतील अरापैमा हा प्रचंड मासाही नद्यांत आढळला. तळी आणि टाक्या पुराने फुटल्यावर पाळलेले मासे सहजच नदीला मिळाले होते.

कासवाची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. भारतातील बहुतेक गोड्या पाण्यातील कासवांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पाळणे व विकणे गुन्हा आहे. ह्या मनाईमुळे हौशी लोकांचे लक्ष अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील लाल कानाच्या कासवाकडे वळले. तीन-चार सेंटिमीटरचे हे पिल्लू पाहता पाहता ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. घेणाऱ्याला ह्याची कल्पना नसते. अखेर ते देवळाच्या पुष्करणीत किंवा तळ्यात सोडले जाते, आणि तेथे देशी कासवांच्या अन्नावर व उन्हात बसण्याच्या जागांवर हक्क सांगते. केरळमधील पीची येथील वन संशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवे स्वीकारण्याचा उपक्रम केला, ह्याचे कारण हेच होय.

कधी कधी एकच जीव पुरेसा होतो. १९९० च्या दशकात जर्मनीतील हौशी लोकांच्या टाक्यांत संगमरवरी रंगाचा एक झिंगा आढळला. ह्या जातीत नर नाहीत. मादी फलनावाचून अंडी घालते आणि सर्व पिले मादीच निपजतात. अर्थात अशा एकाच प्राण्याने तळे भरून जाऊ शकते. हा झिंगा टाक्यांतून युरोपातील जलाशयांत आणि पुढे मादागास्कर बेटावर पोचला.

नावाचा घोळ

नाव चुकले तर काय होते, ह्याचे उत्तम उदाहरण साल्व्हिनिया नावाच्या पाणनेच्याने घालून दिले आहे. १९३९ साली ही वनस्पती कोलंबो येथील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत श्रीलंकेत आली आणि तेथून बाहेर पसरली. पुढे केरळच्या खाडीकाठच्या पाण्यात व भातखाचरांत तिने उच्छाद मांडला. तेथील लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ म्हणू लागले. वस्तुतः ती आफ्रिकेची नव्हेच. बंगालमध्ये जलपर्णीला ‘जर्मन पाना’ म्हणत, तशातलाच हा प्रकार.

लोकांचे नाव चुकले हे समजण्यासारखे आहे; परंतु शास्त्रज्ञांचेही नाव चुकले होते. बरीच वर्षे तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा ह्या दुसऱ्या जातीत गणले जात असे. त्यामुळे तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी संशोधक भलत्याच वनस्पतीवर जगणारे कीटक गोळा करीत राहिले, आणि ते कीटक निरुपयोगी ठरले. १९७२ साली मिचेल ह्या शास्त्रज्ञाने ही जात निराळी असल्याचे दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. त्यानंतर १९७८ साली तिचे मूळ स्थान आग्नेय ब्राझिलमध्ये सापडले, आणि तेथे तिच्यावर जगणारा एक बारीक काळा भुंगेराही मिळाला. गंमत अशी की, ह्या भुंगेऱ्याचेही नाव प्रथम चुकले होते. तो नव्याच जातीचा असल्याचे १९८५ साली ठरले. १९८० साली तो ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात सोडण्यात आला, आणि सुमारे वर्षभरात त्याने हजारो टन वनस्पती नष्ट केली.

हाच भुंगेरा पुढे ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आणण्यात आला. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील के. पी. जयंत ह्यांनी १९८३-८४ साली शहरातील एका कमळाच्या तळ्यात त्याचा प्रयोग केला. साल्व्हिनियाने ते तळे व्यापून कमळांना दडपून टाकले होते. भुंगेरे सोडल्यापासून अकरा महिन्यांच्या आत साल्व्हिनिया कोलमडली आणि दबलेली कमळे पुन्हा वर आली. त्याच दशकात जलपर्णीवर जगणारे दुसरे भुंगेरेही बंगळूरच्या परिसरातील तळ्यांत सोडण्यात आले, आणि काही ठिकाणी ती मागे हटली.

ह्या कथेचे तात्पर्य उघड आहे. योग्य नाव सापडेपर्यंत उपाय सापडला नाही. आज ऑनलाइन बाजारात हाच घोळ दररोज होत असतो. एकाच वनस्पतीच्या चार जाहिरातींना चार नावे असतात. ‘तरंगते रोप’, ‘तळ्याची शोभा’, ‘टाकी स्वच्छ करणारा मासा’ अशा शब्दांआड कोणतीही जात लपू शकते. टाकीच्या काचेवरील शेवाळ चाटणारा म्हणून विकला जाणारा कवचधारी मासा पुढे नदीत सुटला की कोळ्यांची जाळी फाडतो, हे विकत घेणाऱ्याला कोण सांगणार? कायदा जातीचे नाव पाहतो. बाजार ते नाव लपवितो. ह्या दोहोंमधील अंतर कोणीतरी भरून काढले पाहिजे.

कायदा काय करू शकतो

भारतात ह्या विषयाचे नियम एका ठिकाणी नाहीत. ते अनेक कायद्यांत विखुरलेले आहेत. परदेशातून जिवंत मासे आणावयाचे तर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली आरोग्यविषयक परवाना लागतो. वनस्पतींच्या आयातीवर १९१४ च्या कीड व रोग कायद्याखाली काढलेल्या २००३ च्या आदेशाचे नियंत्रण आहे. हे दोन्ही बंदोबस्त देशाच्या वेशीवर पहारा ठेवतात. वेस ओलांडून आत आलेला आणि येथेच कोणाच्या हौदात वाढविलेला जीव ह्या पहाऱ्याच्या कक्षेबाहेर राहतो.

ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली केलेली सुधारणा महत्त्वाची आहे. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने आक्रमक परकी जात म्हणजे काय, ह्याची व्याख्या प्रथमच ह्या कायद्यात घातली, आणि कलम ६२-अ अन्वये अशा जातींची आयात, व्यापार, ताबा व फैलाव अधिसूचना काढून नियंत्रित करण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ‘व्यापार’ आणि ‘ताबा’ हे दोन शब्द येथे मोलाचे आहेत. त्यांच्यामुळे वेशीच्या आतील बाजारही कायद्याच्या दृष्टिपथात येतो. ह्या व्याख्येची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. मूळ भारताची नसलेली जात तेवढीच तिच्यात येते. गंगेच्या खोऱ्यातील कटला किंवा रोहू दख्खनच्या नद्यांना शास्त्रदृष्ट्या परकाच असला, तरी तो ह्या व्याख्येत बसत नाही.

युरोपीय संघाने दुसरी पद्धत स्वीकारली. तेथे २०१४ साली झालेल्या नियमानुसार घातक जातींची एक यादी ठेवली जाते, आणि यादीतील जात पाळणे, विकणे, पाठविणे, सोडणे हे सर्वच निषिद्ध ठरते. २०१६ च्या पहिल्या यादीत ३७ जाती होत्या. जलपर्णी, लाल कानाचे कासव आणि वर सांगितलेला संगमरवरी झिंगा ह्या तिघांचाही तीत समावेश होता.

केवळ बंदी पुरेशी नसते, हा धडा थाई मांगूर ह्या माशाने दिला आहे. आफ्रिकेतील हा खादाड मासा नष्ट करण्याविषयी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १९९७ साली राज्यांना कळविले. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्याविरुद्ध आदेश दिले, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याची तळी रिकामी करण्यात आली. तरीही त्याची शेती लपूनछपून चालत राहिली. बंदी घालणारा हात आणि पाहणारा डोळा ही दोन्ही एकत्र आली नाहीत, तर बंदी कागदावरच राहते.

विक्रीची संकेतस्थळे चालविणाऱ्या कंपन्यांवरही काही जबाबदाऱ्या आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार अशा प्रत्येक संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे लागते. आलेल्या तक्रारीची पोच त्याने ४८ तासांत द्यावयाची असून महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे असते. घातक जातीची जाहिरात दिसल्यास ह्या वाटेने प्रथम ती निदर्शनास आणता येते.

एका दुकान-सेवकाची वर्दी

नागरिकाच्या एका नोंदीने काय साधते, हे २०२१ च्या प्रारंभी अमेरिकेत दिसून आले. सिॲटल शहरात पाळीव प्राण्यांच्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानातील कर्मचाऱ्याचे लक्ष शेवाळाच्या गोळ्यांकडे गेले. टाकीत शोभेसाठी ठेवावयाचे हे हिरवे गोळे युक्रेनमधून आयात होत असत. त्यांना चिकटलेले एक बारीक पट्टेदार शिंपले त्याने ओळखले. तो झेब्रा शिंपला होता. १९८० च्या दशकात ह्याच शिंपल्याने उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत शिरून पाणीपुरवठ्याचे नळ तुंबविले होते आणि अतोनात खर्च करावयास लावला होता. कर्मचाऱ्याने परक्या जलजीवांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी भूगर्भ-सर्वेक्षण संस्थेला कळविले. तेथील तज्ज्ञाने इतर राज्यांत चौकशी केली, तेव्हा वीसहून अधिक राज्यांतील दुकानांत तेच शिंपले आढळले. विक्री थांबविण्यात आली, आणि घरोघरी गेलेले गोळे कसे नष्ट करावेत ह्याच्या सूचना प्रसिद्ध झाल्या. ह्या कर्मचाऱ्याजवळ कोणताही अधिकार नव्हता. त्याच्याजवळ पाहण्याची सवय होती, ओळखण्यापुरते ज्ञान होते, आणि कोणाला कळवावे हे त्याला ठाऊक होते.

पंचमहासरोवरांच्या आयोगाने ह्याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. इंटरनेटवरील जाहिराती आपोआप चाळून त्यांतून घातक जातींची विक्री हुडकणारी संगणक-प्रणाली त्याने तयार करविली. ऑनलाइन बाजाराचा एक गुण येथे उपयोगी पडतो. जुन्या बाजारातील सौदा बोलण्यात होऊन विरून जाई. नव्या बाजारातील प्रत्येक जाहिरात हा एक उघडा लेख असतो. तो वाचणारा हवा, एवढेच.

नोंद कशी करावी

चांगली नोंद ही लहानशा शास्त्रीय निरीक्षणासारखी असते. तीत पुढील गोष्टी असाव्यात.

१. जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा, तिचा पत्ता, दिनांक व वेळ. जाहिरात केव्हाही काढली जाऊ शकते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट प्रथम जतन करावा.

२. विक्रेत्याने दिलेले नाव एका बाजूस आणि आपल्या मते जात कोणती ते दुसऱ्या बाजूस. ही दोन्ही एकत्र मिसळू नयेत.

३. आपली ओळख कशावरून ठरविली, आणि तिची खात्री कितपत आहे.

४. किंमत, संख्या, आणि कोणकोणत्या ठिकाणी माल पाठविला जाईल असे म्हटले आहे.

अशी नोंद संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तसेच राज्याच्या वन विभागाकडे, मत्स्य विभागाकडे किंवा जैवविविधता मंडळाकडे पाठवावी. कर्नाटकाचे मंडळ बंगळूरला आहे आणि महाराष्ट्राचे नागपूरला. जीव बाजारात न दिसता उघड्या पाण्यात दिसला, तर छायाचित्र, नेमके ठिकाण आणि दिनांक ह्यांसह ती नोंद इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या सार्वजनिक नोंदवहीतही घालता येते. तेथे जाणकार मंडळी ओळख पडताळून पाहतात.

ह्याबरोबर तीन पथ्ये पाळावीत. पुरावा मिळविण्यासाठी वस्तू विकत घेऊ नये. त्याने बाजाराला बळ मिळते आणि जीव आणखी एका गावी पोचतो. विक्रेत्याचे नाव चारचौघांत पसरवू नये. बहुतेक विक्रेते अज्ञानाने विकतात, आणि न्याय करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. आणि खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असे स्पष्ट लिहावे. थाई मांगूर आणि आपला देशी मांगूर दिसण्यात जवळचे आहेत. देशी मांगूर आज संकटात सापडलेला मासा आहे. चुकीच्या वर्दीने त्याचाच जीव जाऊ नये.

टाकी रिकामी करताना

बाजारावरील देखरेख ही साखळीची एक कडी झाली. दुसरी कडी प्रत्येक घरात आहे. टाकीतील वनस्पती नको झाल्यास त्या उन्हात कडकडीत वाळवून मग मातीत पुराव्यात; नाल्यात किंवा शौचकुपात टाकू नयेत, कारण एखादा तुकडाही पुन्हा फुटू शकतो. टाकीचे पाणी नाल्यापासून दूर, कुंडीत किंवा बागेच्या मातीत ओतावे. मासा किंवा कासव सांभाळणे अशक्य झाले, तर ते दुसऱ्या हौशी माणसाला किंवा दुकानदाराला परत द्यावे. ते तळ्यात सोडणे ही दया नव्हे. त्या एका जिवाची सुटका होते खरी, परंतु तिची किंमत तळ्यातील शेकडो जीव मोजतात.

आणि सर्वांत सोपा उपाय विकत घेण्यापूर्वीचा आहे. ह्या जिवाचे शास्त्रीय नाव काय, तो किती मोठा होतो आणि किती वर्षे जगतो, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. ह्यांचे उत्तर मिळत नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रिअल येथे जगातील राष्ट्रांनी आक्रमक परक्या जातींचा नवा शिरकाव २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. हे ध्येय परिषदेत ठरले असले, तरी त्याची कसोटी अगर तळ्यासारख्या हजारो लहान जलाशयांच्या काठी लागणार आहे. तळ्याच्या काठाने फिरावयास जाणाऱ्या शाळकरी मुलाला तेथील दहा देशी वनस्पती आणि पाच देशी मासे नावानिशी ओळखता आले, तर अकरावी अनोळखी वनस्पती त्याच्या नजरेतून सुटणार नाही. तळे निम्मे झाकले जाण्याची वाट मग कोणाला पाहावी लागणार नाही. एकाच रोपावर वर्दी जाईल, आणि एका रोपाला उपटून टाकण्यास एक हात पुरेसा आहे.